सखूबाई रानडे: न्यायमूर्तींची पहिली बायको, आणि तिच्यानंतर त्या घरात काय झालं

लक्ष्मी रस्ता पुण्यातल्या आपल्या घरांनाही चांगला ओळखीचा आहे. लग्नाचा बस्ता बांधायचा असो की ईदच्या आधी मुलींसाठी कापड घ्यायचं असो, एक फेरी तिकडे होतेच. या रस्त्यावरून जाताना सेवासदनची पाटी दिसते, थोड्या अंतरावर हुजूरपागा शाळा लागते, सदाशिव पेठेत विश्रामबागवाडा उभा आहे. ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने ही पेठ ओळखली जाते, ते १७६१ साली पानिपतात पडले. त्याच लढाईत त्यांचा तोफखाना सांभाळणारे इब्राहिमखान गारदीही मारले गेले. म्हणजे या पेठेचं नाव आपल्याला परकं नाही.

सेवासदन आणि हुजूरपागा या दोन्ही संस्थांशी रानडे हे नाव जोडलेलं आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे. रमाबाईंवर २०१२ साली 'उंच माझा झोका' ही मालिका आली आणि घरोघरी त्या माहीत झाल्या. पण रमाबाई ही रानड्यांची दुसरी बायको. पहिलीचं नाव सखूबाई. ते फार थोड्यांना ठाऊक असतं.

या लेखात आम्ही सखूबाईंबद्दल, त्यांच्या जाण्यानंतर काही आठवड्यांत त्या घरात जे घडलं त्याबद्दल आणि त्यातून पुढे काय उभं राहिलं त्याबद्दल लिहीत आहोत. घर दुसऱ्याचं आहे, धर्म दुसरा आहे, काळ दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. तरी वाचताना आपल्याच घरातल्या काही गोष्टी आठवतील, असं आम्हाला वाटतं.

रानडे कोण होते

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते, म्हणून लहानपण कोल्हापुरात गेलं. पुढे शिकायला मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये धाडलं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली, तेव्हा पास होणाऱ्या २१ मुलांत रानडे होते. १८६२ साली बी.ए., १८६४ साली एम.ए., १८६६ साली एलएल.बी. काही काळ एल्फिन्स्टनमध्येच शिकवलं. १८७१ साली सबजज्ज म्हणून पुण्याला आले.

ते सरकारी नोकर होते, त्यामुळे पुढाऱ्यासारखं उघडपणे पुढे येता येत नसे. पण पुण्याच्या राजकारणाचा गाडा बराचसा त्यांच्याच डोक्याने चालायचा. १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा काढली. तिच्या अर्ज-निवेदनांमागे रानडे असत. १८८५ साली काँग्रेसचं पहिलं अधिवेशन खरं तर पुण्यातच व्हायचं होतं. शहरात कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईला हलवावं लागलं. त्या काँग्रेसच्या उभारणीत रानड्यांचा हात होता. गोपाळ कृष्ण गोखले त्यांना गुरू मानत. १८९३ साली रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी, १८९५ साली, बद्रुद्दीन तय्यबजी त्याच कोर्टात न्यायाधीश म्हणून आले. तय्यबजी म्हणजे १८८७ च्या काँग्रेसचे अध्यक्ष आणि मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक. मुलामुलींच्या तालमीसाठी धडपडणारी ही दोन माणसं काही वर्षं एकाच कोर्टात काम करत होती. १६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचं मुंबईत निधन झालं.

सखूबाई

सखूबाई वाईच्या दांडेकर घराण्यातल्या. १८५४ च्या सुमारास त्यांचं लग्न झालं. नवरा बारा-तेरा वर्षांचा. त्या काळी मुलगी त्याहून लहानच असायची. वधूवरांना कोणी विचारत नसे, घरची वडीलधारी माणसं ठरवत आणि मुलं बोहल्यावर उभी राहत.

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं त्या रानड्यांच्या पत्नी होत्या. हा हिशोब मुद्दाम मांडावा लागतो. ज्या वर्षांत महादेव नावाचा कोल्हापूरचा मुलगा 'न्यायमूर्ती रानडे' होण्याच्या वाटेला लागला, ती सगळी वर्षं सखूबाईंच्या संसाराची आहेत. मॅट्रिक, बी.ए., एम.ए., वकिलीची परीक्षा, प्राध्यापकी, पुण्याची बदली, हे सगळं त्या असतानाच झालं. रात्र रात्र वाचून रानड्यांचे डोळे अधू झाले, तेही याच काळात. चरित्रात या वर्षांची पानंच्या पानं असतात. त्यात सखूबाईंना मिळतात दोन ओळी: लग्न झालं, आणि वारल्या.

पुण्याला येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच, ऑक्टोबर १८७३ मध्ये सखूबाई वारल्या. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते.

त्या पुण्यात हे दिवस कसले होते? सार्वजनिक काकांच्या पत्नी सरस्वतीबाई जोशी यांनी १८७१ साली बायकांसाठी 'स्त्री विचारवती' सभा काढली होती. सखूबाई गेल्या त्याच्या काही दिवसच आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. बाईला शिकवावं की नाही, विधवेचं लग्न लावावं की नाही, यावर पेठापेठांतून वाद चालले होते. आणि त्या वादातलं एक मोठं नाव होतं सखूबाईंच्या नवऱ्याचं.

रानड्यांना त्यांचं दुःख किती झालं, हे आपल्याला कळतं ते दुसऱ्या बायकोमुळे. रमाबाईंनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं. रात्री तुकारामांचे अभंग वाचत बसायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं, कितीतरी दिवस असंच चाललं होतं. सवतीसाठी नवरा रडत होता, हे दुसऱ्या बायकोने कुठलीही अढी न ठेवता लिहावं, ही साधी गोष्ट नाही. सखूबाईंसाठी कोणी रडलं याची साक्ष रमाबाईंनी दिली.

विधवेचा प्रश्न

पुढे जे झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

विधवेच्या लग्नाला परवानगी देणारा कायदा इंग्रज सरकारने १८५६ साली केला होता. पण कायदा होऊन कोणी लग्न लावत नव्हतं. ब्राह्मण घरांत तर आठ-दहा वर्षांची विधवा मुलगीसुद्धा जन्मभर तशीच राहायची. विष्णुशास्त्री पंडित यांनी १८६० च्या दशकात विधवाविवाहाला उत्तेजन देणारं मंडळ काढलं. रानडे त्याचे सभासद होते. १८६९ साली या मंडळींनी मुंबईत एक विधवाविवाह लावून दाखवला. लगेच बहिष्कार पडला. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला, कित्येक दिवस चालला, आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. रानडे बहिष्कृतांत होते.

अशा माणसाची बायको तीन वर्षांनी वारली. सगळ्या पुण्याचं लक्ष त्यांच्याकडे लागलं. आता हा माणूस बोलतो तसं करतो का? विधवेशी लग्न करतो का?

हीच धास्ती वडिलांनाही होती. गोविंदराव जुन्या वळणाचे. मुलगा विधवा घरात आणेल, या भीतीने त्यांनी वेळ घालवला नाही. सुतक फिटलं न फिटलं तोच स्थळ पाहायला लागले.

रानड्यांनी आधी नकार दिला. मला आता लग्नच करायचं नाही, म्हणाले. रमाबाईंच्या पुस्तकात बापलेकाच्या या बोलण्याचा प्रसंग आला आहे. त्यात रानड्यांनी आपल्या बहिणीचा दाखला दिला. दुर्गा तिचं नाव. तरुणपणीच विधवा झाली होती आणि माहेरी राहत होती. रानड्यांच्या म्हणण्याचा मतलब असा: ती माझ्यापेक्षा लहान, तीही तुमचंच लेकरू. ती एकटी आहे याची चिंता कोणाला नाही, आणि माझ्या लग्नाची मात्र एवढी घाई?

या प्रश्नाला वडिलांकडे उत्तर नव्हतं. पण हुकूम होता. लग्न कर, नाहीतर आपला संबंध संपला, मी कोल्हापूरला निघून जातो, असं त्यांनी सांगितलं. रानडे वडिलांपुढे नमले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, सखूबाईंना जाऊन काही आठवडेच झाले असताना, रानड्यांचं दुसरं लग्न झालं. वधू होती ११ वर्षांची यमुना कुर्लेकर. माहेर देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. पुढे यशवंतराव चव्हाण ज्या गावात जन्मले तेच हे गाव. मुलीचे वडील अण्णासाहेब कुर्लेकर भेटायला आले तेव्हा रानड्यांनी स्वतःच आपले दोष सांगून पाहिले: माझं वय जास्त, नजर अधू, मी सुधारकांतला, विलायतेला गेलो तर आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही. स्थळ मोडावं म्हणून नवरदेवानेच केलेला हा खटाटोप. स्थळ मोडलं नाही. लग्न लागल्यावर रानडे घरी आले आणि खोलीत जाऊन दार लावून बसले.

पुण्यात टीका व्हायची ती झाली. सनातनी हसले, सुधारक खट्टू झाले. विष्णुशास्त्री पंडितांनी १८७४ साली स्वतः कुसाबाई या विधवेशी लग्न केलं, त्यामुळे रानड्यांची माघार आणखीच डोळ्यांत आली. वीस वर्षांनी याच शहरात असाच प्रसंग दुसऱ्या एका माणसावर आला. धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. कर्व्यांनी ठरवलं की लग्न करीन तर विधवेशीच. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशी पुण्यात लग्न केलं. त्याची किंमत त्यांनी मुरुडच्या बहिष्कारात मोजली. त्याच आनंदीबाई, बाया कर्वे. रानडे जे करू शकले नाहीत, ते कर्व्यांनी केलं.

रानड्यांचे शिष्य गोखले यांची गोष्टही सांगायला हवी. त्यांचंही पहिलं लग्न लहानपणी, १८८० साली झालं. पत्नीचं नाव सावित्रीबाई. त्यांना बरा न होणारा आजार होता. घरच्यांच्या आग्रहावरून, पहिली पत्नी असतानाच, १८८७ साली गोखल्यांनी दुसरं लग्न केलं. तेव्हा हिंदू पुरुषाला एकाहून जास्त बायका करायला कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात ती १९४६ साली आली, सगळ्या देशात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. बहुपत्नीत्वाचा विषय निघाला की बोट फक्त आपल्या समाजाकडे दाखवलं जातं, म्हणून ही तारीख लक्षात ठेवावी. पण ती वाद घालायला वापरू नये. सावित्रीबाई गोखल्यांसारखी आजारी बाई कुठल्याही घरात असू शकते. तिच्या बाजूने विचार केला तर दुःख सारखंच आहे.

दुसरी बायको

यमुनेचं नाव सासरी रमा झालं. तिला अक्षरओळख नव्हती. वडील गावाला परत गेले, आणि रानड्यांनी तिला वर बोलावून पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. ही त्यांच्या संसाराची सुरुवात. जे लग्न त्यांना करायचं नव्हतं, त्याचं निदान एवढं तरी सोनं करू, असं काहीसं त्यांच्या मनात असावं, असा आमचा समज आहे.

घरात आठ-नऊ बायका. सावत्र सासू, विधवा नणंद, आत्या, नात्यातल्या आणखी. नवीन सुनेचं शिकणं त्यांना सोसवेना. मराठीपर्यंत कसंबसं चाललं. इंग्रजी शिकवायला बाहेरची बाई यायला लागली तेव्हा विटाळाचा प्रश्न उभा राहिला. शिकून झाल्यावर रमाबाईंना अंघोळ करून मगच घरात वावरावं लागे. टोमणे, अबोला, एकटं पाडणं, सगळं झालं. त्या घरातल्या बायका दुष्ट होत्या असं नाही. त्यांना जे मिळालं नव्हतं ते समोरच्या पोरीला मिळत होतं. विधवांचं तर सगळंच काढून घेतलेलं होतं.

रानडे या भांडणांत फारसे पडत नसत. घरातल्या कोणाला उलटून बोलू नकोस, पण शिकणं सोडू नकोस, ही त्यांची शिकवण. आज आपल्याला ही अर्धवट वाटेल. सोसायचं होतं रमाबाईंना.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या. मग मुलींच्या हायस्कूलची चळवळ सुरू झाली. त्या कामासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेलं निवेदन वाचून दाखवलं. दहा वर्षांपूर्वी जिला 'श्री' काढता येत नव्हती तिने! घरी आल्यावर त्यांना जी बोलणी खावी लागली, ती त्यांनी पुस्तकात लिहिली आहेत. १८८४ साली ते हायस्कूल सुरू झालं. तेच हुजूरपागा.

रानडे पुढेही एकदा असेच नमले. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर मिशनऱ्यांनी चहा दिला. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळकही होते. त्याचं मोठं ग्रामण्य माजलं. आप्त-मित्रांच्या घरची लग्नकार्यं अडू लागली, तेव्हा १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते आवडलं नाही. तेही त्यांनी लिहिलं. नवऱ्याबद्दल एवढा आदर असूनही न पटलेलं लपवलं नाही, हे त्या पुस्तकाचं बळ आहे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे ते पुस्तक १९१० साली निघालं. त्याला प्रस्तावना गोखल्यांची आहे.

वाड्यातून संस्था

रानडे गेले तेव्हा रमाबाई ३८ वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला परत आल्या. ज्या रिवाजाने त्यांच्या नणंदेला बांधून ठेवलं होतं, तोच आता त्यांच्या वाट्याला आला. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्यानंतर मात्र थांबल्या नाहीत. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, तेव्हा अध्यक्षपद रमाबाईंना दिलं. मलबारी पारशी, गिडुमल सिंधी, रमाबाई मराठी. १९०९ साली पुण्याचं सेवासदन सुरू झालं, ते रानड्यांच्याच वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते.

सेवासदनने काय केलं? ज्या बाईला नवरा नाही, माहेरचा आधार नाही, तिला हातात काहीतरी दिलं. शिवण, शिक्षिकेचं काम, नर्सिंग. नर्सचं काम तेव्हा बऱ्या घरातल्या बायका करत नसत. ससूनमध्ये त्यांना शिकायला पाठवणं हे मोठंच धाडस होतं. प्रौढ बायका पाटी घेऊन बसल्या. विधवा शिकून मास्तरीण झाल्या. पुढे मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं आणि बायकांना मत देण्याचा हक्क मिळावा, यासाठीही रमाबाई झटल्या. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

आता दुर्गाबाईंकडे पाहा. बायको वारल्यावर भावाचं लग्न काही आठवड्यांत झालं. नवरा वारल्यावर बहिणीचं झालंच नाही. ज्या वाड्यात हा अन्याय घडला, त्याच वाड्यात पुढे विधवांना पायावर उभं करणारी संस्था उभी राहिली. हे आपोआप झालं नाही. सखूबाईंची जागा रिकामी झाल्याबरोबर भरली गेली, हे रमाबाई पहिल्या दिवसापासून जाणून होत्या. भरणारी त्या स्वतःच होत्या.

आपल्या घरात

इथे आम्हाला थोडं स्वतःकडे वळून बोलायचं आहे.

आपल्या दीनात विधवेच्या निकाहाला अडथळा नाही. चार महिने दहा दिवसांची इद्दत पुरी झाली की ती आपला निर्णय घ्यायला मोकळी असते. पैगंबर साहेबांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा रजि. स्वतः विधवा होत्या, व्यापार सांभाळणाऱ्या होत्या, आणि निकाहाचा प्रस्ताव त्यांच्याकडून आला होता. त्या हयात असेपर्यंत पैगंबर साहेबांनी दुसरा निकाह केला नाही. त्यांच्या इंतकालाचं वर्ष 'दुःखाचं वर्ष' म्हणून ओळखलं जातं. पहिल्या पत्नीची आठवण कशी ठेवावी याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

म्हणजे रानड्यांना ज्या गोष्टीसाठी शंकराचार्यांसमोर वाद घालावा लागला, बहिष्कार सोसावा लागला, ती आपल्याला आधीपासून मिळालेली आहे. पण घराघरांत काय दिसतं? बायको वारली की चाळिसावा व्हायच्या आत रिश्त्यांची बोलणी सुरू होतात. "लहान मुलं आहेत, घर कोण बघणार?" असं म्हणतात. आणि नवरा वारला तर? तीच लहान मुलं, पण वाक्य उलटं होतं. "मुलं आहेत ना, आता त्यांच्याकडे बघून दिवस काढ." तिने निकाहाचं नाव काढलं तर भावजयांपासून मोहल्ल्यापर्यंत कुजबूज. शरियतने दिलेला हक रिवाजाने काढून घेतलेला असतो. गोविंदरावांच्या घरात बंदी उघड होती, आपल्या घरात ती न बोलता पाळली जाते. दुर्गाबाई आपल्याकडेही आहेत.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या किती घरांत पणजोबांच्या पहिल्या बायकोचं नाव कोणाला सांगता येतं? "आधीची एक होती, बाळंतपणात गेली," एवढंच ऐकू येतं. तिचं माहेर कुठलं, मेहर किती ठरला होता, दफन कुठे झालं, काही नाही. पूर्वी बाळंतपणात आणि साथींत बायका फार जायच्या, त्यामुळे अशी 'आधीची' जवळजवळ प्रत्येक खानदानात असते.

हे काम आपल्याला करता येण्यासारखं आहे. जुन्या निकाहनाम्यात वधूचं आणि तिच्या वडिलांचं नाव, गाव, मेहर, साक्षीदार, सगळं लिहिलेलं असतं. मशिदीच्या किंवा जमातीच्या दफ्तरात, काझींच्या वहीत, कब्रस्तानाच्या नोंदवहीत शोधलं तर बरंच मिळतं. त्यातली कागदं मोडी किंवा उर्दूत असतील तर वाचणारा माणूस गाठावा लागेल. आणि घरात ऐंशीच्या पुढची कोणी नानी, दादी, फुफी असेल तर तिच्याजवळ बसून विचारून घ्या. मोबाईलमध्ये आवाज भरून ठेवा.

थोडक्यात सनावळी

१८४२: महादेव गोविंद रानडे यांचा निफाड येथे जन्म.
१८५४ च्या सुमारास: वाईच्या दांडेकर घराण्यातल्या सखूबाईंशी लग्न.
१८६२: यमुना (पुढे रमाबाई) यांचा देवराष्ट्रे येथे जन्म.
१८७१: रानडे पुण्यात सबजज्ज.
१८७३: ऑक्टोबरमध्ये सखूबाईंचं निधन. वर्षाअखेर रमाबाईंशी लग्न.
१८८४: मुलींचं हायस्कूल, हुजूरपागा, सुरू.
१९०१: रानड्यांचं निधन.
१९०९: पुणे सेवासदन सुरू.
१९१०: रमाबाईंचं आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध.
१९२४: रमाबाईंचं निधन.

या यादीत सखूबाई दोनदा येतात, लग्नाला आणि मरणाला. मधली वीस वर्षं नवऱ्याच्या नावावर जमा आहेत. सेवासदनच्या पाटीवर त्यांचं नाव असण्याचं कारण नाही. पण पुढच्या वेळी बस्त्याच्या पिशव्या घेऊन त्या रस्त्याने जाताना मुलींना रमाबाईंची गोष्ट सांगाल, तेव्हा सुरुवात सखूबाईंपासून करा. आणि ती सांगून झाली की घरी येऊन आपल्या खानदानातल्या 'आधीची'चं नाव विचारा. सांगणारं कोणी असेपर्यंत विचारून घेतलेलं बरं.